एक डोळा राहिलेलं चित्र

तुमच्याकडे टपालाने पुठ्ठ्याची एक लांब नळी येईल. तिच्यात एक चित्र गुंडाळलेलं आहे. ते उलगडल्यावर तुम्ही दोघंही आधी हेच विचाराल की याला एकच डोळा का आहे. म्हणून चित्राच्या आधी हे लिहून पाठवते आहे. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, नाहीतर तुमची शाळेची बस येते, आणि सांगायचं ते अर्धं राहतं.

चित्र मोठीचं आहे, म्हणजे तुझं. धाकट्याने रुसू नये, का ते पुढे कळेल.

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉल चालू असताना तू तुझ्या बाबाला विचारलंस, "आजोबा बोलताना माझ्याकडे बघतच नाहीत. त्यांना मी आवडत नाही का?" बाबा म्हणाला, "तसं नाही गं, तिकडची रेंज चांगली नाही." रेंजचा त्यात काही संबंध नव्हता. आजोबा तुझ्याकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. त्यात मधली नजर जाते आणि कडेची राहते. ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग येतो. म्हणून तुझा चेहरा बघायचा असेल तर त्यांना तुझ्या बाजूच्या भिंतीकडे बघावं लागतं. ते भिंतीकडे बघत होते तेव्हा तू त्यांना दिसत होतीस.

तो प्रश्न त्यांनी ऐकला होता. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. पण ती तरी कुठे माझ्याकडे बघते?"

हेही खरं होतं. कॉलवर तुम्ही पडद्यातल्या आमच्याकडे बघता आणि कॅमेरा असतो वर. त्यामुळे आम्हाला तुमचे डोळे कायम खाली झुकलेले दिसतात, जसं कुणी पानातलं जेवण बघत बोलावं. तुम्ही दोघं इथून गेलात तेव्हा धाकटा रांगत होता आणि तुझे पडलेले पुढचे दात पुन्हा यायचे होते. त्यानंतर तुम्ही आजोबांकडे सरळ बघितलेलं त्यांनी पाहिलेलं नाही, आणि आता समोर येऊन बसलात तरी त्यांना ते दिसणार नाही.

आजाराची सुरुवात कशी कळली ते सांगते, कारण ते फक्त आजोबांच्याच बाबतीत होऊ शकलं असतं. तुमच्या पणजोबांचं इथे, या कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरात चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. आजोबा लहानपणी तिथेच वाढले. काटकोन चुकला असेल तर त्यांना दारातूनच कळायचं. एकदा त्यांनी एका चित्राला चौकट करून आणली आणि घरी येऊन चिडले. "वाकडी आहे. हल्ली कुणाला साधी चौकट करता येत नाही." मी काटकोन तपासायचा गुण्या आणून चारही कोपऱ्यांना लावून दाखवला. चौकट सरळ होती. "मग तुझा गुण्या वाकडा आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना जिन्याचा कठडा वाकडा दिसला, मग खिडकीचे गज. त्यानंतर ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या."

एक डोळा तेव्हाच बराचसा गेलेला होता. दुसऱ्याला इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शन डोळ्यातच देतात. जयनगरच्या त्या दवाखान्यात आमच्यासारखी म्हातारी जोडपी रांगेत बसलेली असायची, एकाच्या कपाळावर कुठला डोळा ते दाखवणारी चिकटपट्टी आणि दुसऱ्याच्या हातात फाइल. आमची फाइल अर्थातच माझ्याकडे.

आमच्या घरात चित्रं पुरी करण्याची एक पद्धत होती. चित्र संपत आलं की आजोबा मला हाक मारायचे. मी हात पुसत यायची, लांब उभी राहायची आणि जे खटकेल ते सांगायची. एका वेळी एकच. स्तुती करायची नाही, तशी त्यांची अट होती. ते दुरुस्त करायचे, पुन्हा हाक मारायचे. ज्या वेळी मला काहीच खटकायचं नाही त्या वेळी मी म्हणायची, "जेवायला चला." मग ते सही करून हात धुवायला जायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं. मी इंग्रजीची शिक्षिका, मला चित्रकलेतलं काही कळत नाही. पण मुलांच्या वह्या तपासून तपासून कुठे काय चुकलंय ते मला दिसतं, आणि दिसलं की गप्प बसवत नाही.

त्यांच्या शेवटच्या तैलचित्रात आंब्याच्या झाडाखालची सावली होती. मी बघितलं आणि म्हणाले, "सावली लाल का?"

"तपकिरी आहे."

"लाल आहे हो."

त्यांनी रंगाची नळी डोळ्यांपासून बाजूला धरून बघितली, वास घेतला, मग मला वाचायला दिली. लालच होती. त्यांनी रंग खरवडून काढला, ब्रश धुतले आणि सगळ्या नळ्या खोक्यात भरून खोकं माळ्यावर टाकायला सांगितलं. मी टाकलं नाही, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यानंतर गणपतीला तुमचा बाबा एकटा येऊन गेला, आठवतं? तेव्हा त्याने तो टॅब आणला. आजोबांनी हातही लावला नाही.

"काचेवर दुकानाचं नाव रंगवतात," ते म्हणाले.

"अण्णा, स्वल्प बघा तरी. नाही आवडलं तर आई त्याच्यावर मालिका बघेल."

"तिला मालिका कशाला? माझ्या चुका काढण्यातच तिचा दिवस जातो."

बाबाने टेबलावरच्या पेरूचा फोटो काढला आणि दोन बोटांनी तो इतका मोठा केला की पेरूचं देठ अख्ख्या पडद्यावर आलं. आजोबा मान तिरकी करून बघायला लागले. पडद्याला मागून उजेड असतो. कागदावर न दिसणारी गोष्ट तिथे त्यांना दिसत होती. बराच वेळ ते देठच बघत बसले. मग म्हणाले, "ती काडी दे."

काडी म्हणजे त्या टॅबचं पेन. पहिले काही दिवस नुसती भांडणं झाली. पेन काचेवरून घसरतं, कॅनव्हास कसा ब्रशला धरून ठेवतो तसं हे धरत नाही, रंगाला वास नाही. बाबाने खरखरीत फिल्म आणून चिकटवली, तेव्हा जरा निवळले. पण एक सवय गेली नाही. रंग बदलला की ते पेनाचं टोक फडक्याला पुसायचे. बाबा हसायचा. मी नाही हसले, फडकं मात्र धुवून ठेवत राहिले.

मग ते खूप काम करायला लागले. परसातली पपई, तिच्यावर येणारी खार, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या बाजारातले फुलांचे ढीग, माझे सुकत घातलेले पापड. सगळं ते तुकड्या-तुकड्याने काढायचे. एक पान पडद्याएवढं मोठं करायचं, ते पुरं झालं की शेजारचं. पूर्ण चित्र एकदम बघणं त्यांना आता जमत नव्हतं. ते माझं काम झालं. मी चित्र लहान करून बघायची आणि सांगायची, "खारीचं शेपूट पपईच्या आत गेलंय." ते बाहेर काढायचे. बाबाने त्यांना शिकवलं होतं की प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर काढा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एकावर पान, एकावर खार. एक बिघडला तर बाकीचे शाबूत राहतात. ही युक्ती आजोबांना फार आवडली. "आमच्या वेळी हे असतं तर मी निम्म्या शिव्या वाचवल्या असत्या," म्हणायचे.

याच सुमाराला तू तो प्रश्न विचारलास. आठवड्याभराने त्यांनी मला सांगितलं, पुढच्या कॉलला तिचा चेहरा दिसत असेल तेव्हा फोटो पकड. मी पकडला. धाकट्याने दूध सांडलं होतं आणि तू हसत होतीस. डोळे नेहमीप्रमाणे खाली.

"फोटोत आहे तसं नाही काढणार," आजोबा म्हणाले. "हिला माझ्याकडे बघायला लावणार."

त्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शनांचा आता पूर्वीसारखा उपयोग होत नाही. जी नजर आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. आजोबांनी रिक्षात बसल्यावर एवढंच विचारलं, "चेहरा काढायला किती दिवस लागतील असं वाटतं तुला?" मी म्हटलं, मला काय माहीत. घरी येऊन त्यांनी जेवणाआधीच टॅब उघडला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. पपई पिकून गळली तरी त्यांनी बघितली नाही. धाकट्याचं चित्र नंतर काढू, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी मोठी, कारण प्रश्न तिने विचारला होता.

तुझे केस काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग कपाळ, मग हसताना नाकाला पडते ती घडी, मग दातांतली फट. चेहऱ्यात डोळे शेवटी, हा त्यांचा जुना नियम. तोवर चित्रात डोळ्यांच्या जागी फक्त त्वचेचा रंग. जाता-येता ते बघायला मला बरं वाटायचं नाही, म्हणून मी टॅबवर रुमाल टाकायची. वीज जाऊन टॅब बंद पडू नये म्हणून रोज संध्याकाळी आठवणीने चार्जिंगला लावायची.

मग उजवा डोळा झाला. तो त्यांनी एवढा मोठा करून काढला की पडद्यावर दुसरं काही नव्हतं, नुसतं काळं बुबुळ, त्यात खिडकीच्या उजेडाचा ठिपका, खालच्या पापणीवर ओल. मी चित्र लहान केलं. तो डोळा थेट माझ्याकडे बघत होता. मी काहीच बोलले नाही, आणि काही न बोलणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं.

डावा डोळा पुरा व्हायला आणखी काही सकाळी गेल्या. दुपारनंतर त्यांना दिसायचं नाही, म्हणून सकाळचाच उजेड. एका सकाळी हाक आली. मी आले. डोळा सुंदर होता, पहिल्याइतकाच जिवंत. मग मी चित्र लहान केलं.

दोन्ही डोळे वेगवेगळे बघितले तर बरोबर होते. एकत्र बघितलं की डावा कानाकडे सरकलेला होता आणि जरा वर. तो दुसरीकडेच बघत होता. आजोबांनी एक डोळा पडद्याएवढा करून काढला आणि मग दुसरा पडद्याएवढा करून काढला. दोन्ही डोळे एकाच वेळी त्यांना कधी दिसलेच नव्हते.

"बोल," ते म्हणाले.

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना पडताळून बघता येणार नव्हतं.

"डावा डोळा बाहेर गेलाय," मी म्हटलं.

"किती?"

"पेनाच्या टोकाएवढा. पण नजर जुळत नाही."

"म्हणजे बघत नाही माझ्याकडे."

"एक बघतो."

ते हसले. "अर्धी नात बघते." मग म्हणाले, "वेगळ्या लेयरवर आहे ना? तू सरकव. बोटाने सरकतं."

"मी?"

"तुला दिसतंय ना."

मी तो लेयर निवडला आणि बोटाने डोळा आत आणला, थोडा खाली घेतला. मी थांबले तिथे तू बघायला लागलीस. चित्र एकदम पुरं झालं. मी त्यांना तसं सांगितलं. नेहमीचे शब्दही म्हटले, जेवायला चला. त्यांनी चित्र बंद केलं, टॅब उलटा ठेवला आणि हात धुवायला गेले. सही केली नाही. मला वाटलं विसरले. जेवताना आठवण केली तर म्हणाले, "वरण छान झालंय."

तीन-चार दिवस टॅब तसाच पडून होता. मग एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, मध्येच म्हणाले, "तो डोळा होता तिथे ठेव."

"का?"

"होता तिथे ठेव म्हटलं ना."

"अहो, आता ती बघते आहे. मग?"

"तू बघायला लावलंस म्हणून बघते आहे. मला ते नको होतं."

यावर मला राग आला. त्यांनीच सांगितलं होतं सरकवायला. पण म्हाताऱ्या माणसाशी सकाळी सकाळी वाद कशाला, म्हणून मी टॅब उघडला. त्यात दोन बोटांनी टिचकी मारली की शेवटचं केलेलं मागे जातं. मी टिचक्या मारल्या. काही झालं नाही. तुमच्या बाबाला फोन लावला. तो म्हणाला, "एकदा चित्र बंद केलं की मागचं सगळं विसरतं, आई. आता मागे जाता येणार नाही. पण अंदाजाने सरकव की. नाहीतर मला फाइल पाठवा, मी पाच मिनिटांत दोन्ही डोळे नीट जुळवून देतो."

"अंदाजाने सरकवू का?" मी आजोबांना विचारलं.

"कुणाच्या अंदाजाने?"

त्यांनी टॅब मागून घेतला. "डावा डोळा कुठल्या लेयरवर आहे, बोट ठेव." मी ठेवलं. त्यांनी तो लेयर पुसून टाकला. ज्या डोळ्यावर इतक्या सकाळी गेल्या होत्या त्याच्या जागी पुन्हा नुसती त्वचा आली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काय करायला गेले ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा डोळा पुन्हा सुरू केला. या वेळी त्यांनी एक युक्ती काढली होती. चित्र थोडंसंच मोठं करायचं, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या जागा एकदम पडद्यावर राहतील. त्यामुळे त्यांना फार अंधूक दिसायचं, पण मोजायला पुरेसं. मला म्हणाले, तू खोलीत थांबू नकोस. मी बाहेर भाजी निवडत बसायची. आतून अधूनमधून कन्नडमधून स्वतःला घातलेल्या शिव्या ऐकू यायच्या. त्या ऐकल्या की मला बरं वाटायचं, कारण काम नीट चाललं असेल तेव्हाच ते शिव्या देतात.

पापणीची वरची रेघ झाली होती. एका सकाळी शिव्या ऐकू आल्या नाहीत. मी आत गेले तर ते फडक्याने पडदा पुसत होते.

"बघ गं, काचेवर काय सांडलंय?"

काचेवर काहीच नव्हतं. डोळ्यात आतून रक्तस्राव झाला होता. आम्ही तसेच जयनगरला गेलो, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, महिन्याने आणखी एक दिलं. रक्त शोषलं गेलं. नजर परत आली नाही. आता त्यांना उजेड कळतो, माणूस आलं हे कळतं, कोण आलं ते पावलांवरून ओळखतात. डॉक्टर तरुण आहेत. त्यांना हे सांगताना जड गेलं. आजोबांनीच त्यांची पाठ थोपटली आणि म्हणाले, "सरी, सरी. ठीक आहे हो. तुम्ही तरी काय करणार."

घरी आल्यावर काही दिवस ते रेडिओ लावून बसायचे आणि त्यातलं काही ऐकायचे नाहीत. मी टॅब कपाटात ठेवला. मग त्यांनीच तो मागितला.

"तिचं चित्र उघड. आता खालचा उजवा कोपरा दाखव."

मी त्यांचं बोट कोपऱ्यावर नेऊन ठेवलं.

"हात काढ तुझा."

मी हात काढला. त्यांनी सही केली. ती जरा चढावर गेली आहे, पण त्यांचीच आहे, तुम्ही जुन्या चित्रांवरच्या सहीशी ताडून बघा.

"डोळा राहिलाय," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. जो आहे तो तरी माझा आहे."

मग छापायला आम्ही दोघं शिवाजीनगरला गेलो. तिथल्या छपाईच्या दुकानदाराने चित्र संगणकावर उघडलं आणि मला हळूच म्हणाला, "अम्मा, ओंदु कण्णु इल्ल." एक डोळा नाहीये, असं. आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली केला होता. पण आजोबांचे कान तेवढे शाबूत आहेत.

"गोत्तु," आजोबा म्हणाले. माहीत आहे.

"सार, दोन मिनिटं द्या. हा डोळा कॉपी करून तिकडे उलटा लावतो. कुणाला कळणार नाही."

"इरलि बिडप्पा. हागे इरलि." असू दे बाबा, तसंच असू दे.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्याने जाड कागदावर एकच प्रत काढली. आजोबांनी ती हातात घेऊन बोटांनी कडा तपासल्या, मग चौकशी केली, "तुझ्या संगणकात राहिलं असेल ना? काढून टाक."

"सार, पुन्हा प्रत लागली तर?"

"लागणार नाही."

त्याने काढून टाकलं. घरी आल्यावर आजोबांनी मला टॅबमधलंही काढून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या मुलाने फाइल मागितली आहे, जपून ठेवतो म्हणतो. ते म्हणाले, "जपणार नाही तो. दुरुस्त करणार. चांगल्या मनानेच करेल. पोटचा पोर आहे, आपल्या बापाचं चित्र अर्धवट कसं बघवेल त्याला?"

मी चित्रावर बोट ठेवलं. नक्की काढून टाकायचं का, असं टॅबने इंग्रजीत विचारलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. हे गेलं की परत येणार नाही, हेही वाचलं.

"वाचू नकोस," ते म्हणाले. "दाब."

मी दाबलं.

आता ते चित्र एकच आहे आणि ते तुमच्या वाटेवर आहे. धाकट्याचं काढायचं राहिलं. त्याला हे त्याच्या आईने नीट समजावून सांगावं. मोठीने भिंतीवर लावताना एवढी काळजी घ्यावी की समोरून ऊन येणार नाही. छापलेला रंग उन्हाने लवकर उडतो, असं दुकानदाराने बजावून सांगितलं आहे.